पाणी येईल तेव्हा

सगुणाबाईंनी पुन्हा मोजलं. हात धुवायला नळापाशी मुलांची रांग लागली होती. पुढचं पोर ओट्याला पोट टेकून उभं, मागचं त्याच्या शर्टाला धरून. एक, दोन, तीन करत शेवटपर्यंत गेलं की एकोणीस भरत होते. हजेरीपुस्तकात नावं अठरा, आणि आज सगळे हजर. त्या रांगेच्या पुढच्या टोकाला गेल्या आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत मागे आल्या. अठरा.

हे रोज होत नसे. महिन्यातून दोनतीनदा, बहुतेक नळापाशी, कधी घरी सोडताना. डोळ्यांनी मोजलं की एक जास्त आणि हातांनी मोजलं की बरोबर. दरवर्षी मुलं बदलायची, आकडा बदलायचा, तो एक जास्त मात्र तसाच राहायचा. जास्तीचं पोर कुठलं, हे बघायला जावं तर सगळे ओळखीचेच चेहरे असत.

नवऱ्याला त्यांनी हे एकदाच सांगितलं होतं. रामचंद्र त्याच कंपनीत टाइमकीपर होते, दिवसभर गेटवर माणसं मोजायचे. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, की त्यांनाही एखादे वेळी एक माणूस जास्त भरतो, मग कळतं की कॅन्टीनवाला दोनदा आत गेलेला असतो. सगुणाबाई हसल्या आणि विषय तिथेच राहिला. आपल्या रांगेत दोनदा कोण येतं, हे त्यांना ठाऊक होतं. 

रास अल खैमा शहरापासून पाऊण तासाच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी, दगडखाणीची ही कॉलनी होती. कंपनी डोंगर फोडायची, क्रशरमध्ये त्याची खडी व्हायची आणि ट्रक ती दुबईकडे घेऊन जायचे. तीन-साडेतीनशे एकटी माणसं कॅम्पमध्ये राहायची आणि चाळीसेक कुटुंबं क्वार्टर्समध्ये. आसपास खजुराच्या दोनचार बागा, बकऱ्यांचे गोठे, एक टपरीवजा दुकान. मोठ्या मुलांना शहरातल्या शाळेची बस न्यायची. लहानांना काही नव्हतं. म्हणून १९९३ साली पर्सोनेलच्या मुरलीधरसाहेबांनी एक रिकामं पोर्टाकॅबिन, म्हणजे पत्र्याची तयार खोली, साफ करून घेतलं आणि रामचंद्रांना निरोप दिला, की तुमच्या मिसेस तिकडे बालवाडी चालवत होत्या ना, त्यांना विचारा. 

सगुणाबाई गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत सात वर्षं बालवाडीच्या बाई होत्या. मुलगी हेमा चिपळूणला मावशीकडे शिकायला राहिली आणि त्या इकडे आल्या, तेव्हापासून दोन खोल्यांत त्यांचा दिवस जात नव्हता. मुरलीधरसाहेबांनी सांगितलं, "बेसिक एबीसी, चार ऱ्हाइम्स, गुड मॅनर्स. बस्स, टीचर." बाईंनी मान डोलावली आणि आपल्याला ठाऊक होतं तेच सुरू केलं.

त्यांच्या शाळेत पाच वर्षांच्या आत कुणाच्या हाती पेन्सिल दिली जात नसे. प्रत्येकाने आपलं पाणी आपण ओतून घ्यायचं. सांडलं तर फडकं कुठे असतं ते माहीत असायचं. मोठ्याने धाकट्याचं बक्कल लावून द्यायचं. दुपारी सगळे डबे एका थाळ्यात उलटे व्हायचे. इडली, पराठा, घावन, जे असेल ते, आणि सगळे त्याच थाळ्यातून जेवायचे. दुधाच्या डब्यांत मेथी पेरलेली असायची. मोजायला खजुराच्या बिया. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचं नाही; येताना काय पाहिलं ते एक सांगायचं. एकदा सांगितलेलं दुसऱ्याने सांगायचं नाही. आणि कुणी काही विचारलं, तर बाई सहसा उत्तर देत नसत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "जा, बघून ये."

मुलं हिंदीत, मल्याळममध्ये, मराठीत, कसंही बोलायची. बाईंना निम्मं कळायचं. तेवढं पुरायचं.

रुबिना हनीफची मुलगी. हनीफ बाणकोटकडचा, क्रशरवर शॉवेलचं यंत्र चालवायचा. त्याची बायको जैबुन तिकडचीच. गुहागर म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचं, म्हणून ती बाईंकडे कधी कोलीम, कधी सांदण पाठवायची. रुबिना साडेचार-पाच वर्षांची, काटकुळी, आणि तिची हजेरी ऐकायला बाकीची पोरं गप्प व्हायची. आज पाण्याच्या टँकरचं एक चाक बाकीच्यांपेक्षा स्वच्छ होतं. आज जहूरचाचाच्या बकरीने कागद खाल्ला आणि पिन थुंकली. आज अब्बांच्या एका मिशीवर धूळ होती आणि दुसरीवर नव्हती. रांगेत मात्र तिला पहिलं उभं राहायचं असे, त्यावरून रोज भांडण.

१९९६च्या फेब्रुवारीत, एका बुधवारी, तिने दोन दगड आणले. एक खाणीच्या ढिगाऱ्यातला, सुरीसारख्या कडा असलेला. दुसरा कॉलनीच्या मागच्या वादीतला. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारं रुंद कोरडं पात्र. बारा महिने त्यात नुसते गोटेच असत, पोरं मोजणीचे खडे तिथूनच आणायची. 

"बाई, ह्ये दोनी एकाच डोंगराचे ना? मग ह्यो गोल कसा?"

बाई म्हणाल्या, पाण्याने गोल झाला. रुबिनाने वादीच्या दिशेला बघितलं.

"पाणी तर नायच तिथं."

"येतं. तिकडे डोंगरात पाऊस झाला की येतं."

"मग ता गोल कसा करतं? हातानं?"

पोरं हसली. सगुणाबाईंना ते सांगता आलं असतं. दोन गोटे एकमेकांवर घासून दाखवले असते तरी पुरलं असतं. पण उत्तर हातात द्यायचं नाही ही सवय होती, आणि थाळा मांडायची वेळ झाली होती.

"पाणी येईल तेव्हा बघ," त्या म्हणाल्या. "आणि मला सांग." 

गुरुवार-शुक्रवार सुट्टी. शुक्रवारी पहाटेपासून डोंगरावर काळं होतं, पण कॉलनीत थेंब पडला नाही. साडेअकराच्या सुमाराला मोठा आवाज झाला. लोकांना वाटलं, कुणी डंपर रिकामा करतंय. मग आठवलं की शुक्रवारी डंपर चालत नाहीत. बाहेर येऊन बघतात तर वादी भरून वाहत होती. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात बाभळीची झाडं मुळांसकट, आणि पाण्याखालून गोट्यांचा गडगडाट. पुरुष नमाजाला गेले होते. हनीफ परत आला तेव्हा रुबिना घरात नव्हती. आधी सगळ्या क्वार्टर्समधून शोधलं, मग पोर्टाकॅबिनमध्ये, मग वादीकडे कुणीतरी हात केला.

ती सापडली संध्याकाळी, तीन किलोमीटर खाली, खजुराच्या बागेच्या तारेपाशी. बागेचा राखणदार जहूर, पेशावरकडचा म्हातारा पठाण. त्याने तिला आपल्या चादरीत गुंडाळलं. रस्ता तुटला होता, गाडी येईना, तेव्हा तो तिला घेऊन चालत आला. गेटवर लोकांनी हात पुढे केले, पण त्याने दिली नाही. तो एवढंच विचारत होता, "इसका बाप कौन है?" हनीफ समोर आला तेव्हा त्याने तिला त्याच्या हातात ठेवलं आणि चादर न घेता परत गेला.

शाळा तीन दिवस बंद राहिली. पुढच्या मंगळवारी अकरा मुलं आली. बाईंनी हजेरी घेतली नाही. खाली बसून त्या मेथीच्या डब्यांना पाणी घालत होत्या, तेव्हा सोनम जवळ येऊन बसली. सोनम रुबिनाच्या शेजारच्या क्वार्टरमधली, तिच्याच वयाची.

"बाई, रुबिना म्हणाली होती, ती पाणी बघणार आणि शनिवारी तुम्हाला सांगणार. ती सांगणार होती की ते हाताने करतं का."

सगुणाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे कुणाला सांगू नकोस हं, सोनम."

सोनमने मान हलवली. ती शहाणी मुलगी होती, तिने कुणालाच सांगितलं नसणार. वर्षभरात तिच्या वडिलांना अजमानला नोकरी लागली आणि ते कुटुंब गेलं. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा ती बाईंकडे बघत होती, काही न बोलता. इतकी वर्षं मुलांना बोलतं करण्यात गेली होती, आणि एका पोरीला आपण गप्प राहायला शिकवलं, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

पहिल्यांदा एक जास्त भरला तो पाणी आलं त्याच महिन्यात.

मग शाळा बदलली. बाईंनी मोजणीचे गोटे बादलीत भरले आणि स्वतः नेऊन खाणीच्या ढिगाऱ्यावर ओतले. मेथीचे डबे गेले. वादीच्या बाजूच्या खिडकीला पांढरा कागद चिकटवला. कुंपणाच्या फाटकाला कुलूप आलं, किल्ली बाईंच्या गळ्यात. शारजातून तक्ते मागवले, चाररेघी वह्या आल्या. 'प्रेझेंट, टीचर.' नळापाशी रांगेने, थाळा बंद, ज्याने त्याने आपला डबा खायचा. कुणी काही विचारलं तर बाई लगेच उत्तर देत, एका वाक्यात, आणि पुढचं अक्षर फळ्यावर काढत.

मुरलीधरसाहेब खूश झाले. "आता कसं प्रॉपर स्कूल वाटतं," म्हणाले. पालकही खूश होते. या शाळेतली पोरं शहरातल्या शाळेच्या इंटरव्ह्यूला कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही लिहून दाखवायची. एका वर्षी कंपनीच्या कार्यक्रमात बाईंचा शाल देऊन सत्कार झाला. त्यांनी ती घेतली. आपण शिकवत नाही, नुसती राखण करतोय, हे तिथे कुणाला सांगणार? टाळ्यांच्या मध्येच त्यांचे डोळे समोरच्या रांगेतली पोरं मोजत होते.

जैबुन वर्षभर गावी राहिली आणि परतली ती एका तान्ह्या मुलीला घेऊन. तिचं नाव अफरीन. पोर्टाकॅबिनवरून जायचं नाही म्हणून ती दुकानात जाताना वर्कशॉपच्या मागून वळसा घालायची. दुकानात बाई भेटल्या तर सलाम करायची, हेमाची चौकशी करायची. बस, तेवढंच. सगुणाबाई दर वेळी ठरवायच्या, की पुढच्या वेळी सांगून टाकू. पण पुढच्या वेळी दुकानात कुणीतरी असायचं, किंवा जैबुनच्या कडेवर पोर झोपलेलं असायचं. काही ना काही असायचंच.

दोन हजार एकच्या सप्टेंबरमध्ये हनीफ अफरीनला घेऊन शाळेत आला. त्याचे केस पांढरे झाले होते. फॉर्मवर सही करून त्याने मुलीचा हात बाईंच्या हातात दिला.

"बाई, तुमच्या हवाली," म्हणाला. "इन्शाल्ला चांगली शिकंल."

अफरीन शिकली. दोन महिन्यांत झेडपर्यंत लिहायला लागली, तेही रेघेच्या बाहेर न जाता. बाईंनी तिला फाटकापासून लांबच्या भिंतीपाशी बसवलं होतं. ती कधी काही विचारत नसे.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी मुलं गेल्यावर बाई कुलूप लावायला वळल्या, तर दारात जैबुन उभी होती. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच आली होती. वेळ आहे का, विचारून ती आत आली आणि मुलांच्या एका छोट्या खुर्चीवर बसली. जेवणाच्या सुट्टीमुळे क्रशर बंद होता. तिने सगळ्या भिंती बघितल्या.

"हितं खिडकी होती ना?"

"आहे. कागद लावलाय."

जैबुनने मान हलवली. मग ती सावकाश बोलू लागली. अफरीन घरी आली की वही काढते आणि पान भरून लिहिते. आज शाळेत काय झालं म्हणून विचारलं तर 'नथिंग' म्हणते. थोरली तशी नव्हती. थोरली माझा चहा निवेपर्यंत बोलत बसायची. कुठल्या मुंगीने काय नेलं, कुणाच्या डब्यात काय होतं, बाईंनी काय विचारलं. कधी कधी मलाच कंटाळा यायचा, मी म्हणायचे, गप बस जरा.

मग ती बाईंकडे वळली.

"हिला तसं का नाय शिकवत तुमी?" तिने विचारलं. "हिनं काय केलंन?"

सांगण्यासारखी कारणं बाईंजवळ होती. मुरलीधरसाहेबांचा आग्रह, शहरातल्या शाळांच्या परीक्षा, आपलं वय. त्यांनी तोंड उघडलं ते त्यातलंच एखादं सांगायला. पण जैबुनचे गुडघे त्या छोट्या खुर्चीत छातीपर्यंत आले होते आणि ती शाळेतल्या पोरासारखी वर बघत होती.

"जैबुन," त्या म्हणाल्या, "पाणी येईल तेव्हा बघ, असं मीच तिला सांगितलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन दगड, बुधवार, थाळा मांडायची घाई. सोनम काय म्हणाली आणि आपण सोनमला काय म्हणालो. रडल्या नाहीत, काही न गाळता सांगत गेल्या. कागद का लावला ते सांगितलं. सांगायचं नव्हतं, तरी रांगेत एक जास्त भरतो तेही सांगून झालं.

जैबुनने नळाच्या दिशेला पाहिलं.

"कुठं असते ती?" तिने विचारलं.

"काय?"

"रांगेत. पुढं का मागं?"

सगुणाबाईंनी आठवून बघितलं. "मागे. मोजत मोजत शेवटी गेलं की एक जास्त होतो."

"तिला शेवटी उभं राहायला आवडायचं नाय," जैबुन म्हणाली.

बाहेर कुणी पिकअप सुरू केली, ती दूर गेली. जैबुनने पदर सारखा केला.

"दगडाचं मना ठाऊक होतं, बाई. त्या बुधवारी तिनं मना दोनी दगड दाखवलेन. शुक्रवारी आवाज झाला तवा ती बोलली, अम्मा, पाणी इला, बघून येव? मी कांदा चिरीत होते. मी बोलले, जा, लांबनं बघ आणि लगेच ये."

तिचा आवाज अगदी सरळ होता, बाजारातली गोष्ट सांगावी तसा.

"हनीफला वाटतं, ती न सांगता गेली. मीच तसं सांगितलंय. अजून कधी तो बोलतो, तुझी काय चूक, तुला कुठं ठाऊक होतं. मी आयकून घेते."

तुझी चूक नव्हती, असं म्हणावं हे सगुणाबाईंच्या मनात आलं. पण ते वाक्य आपल्याला कुणी म्हटलं असतं तर आपलं काय झालं असतं, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी उठून पाण्याचा ग्लास भरला. जैबुनने तो संपवला आणि रिकामा ग्लास धरून बसून राहिली. सुट्टी संपली, क्रशर पुन्हा सुरू झाला, भिंती थरथरू लागल्या. आता बोलायचं तर जवळ सरकावं लागत होतं. जैबुन सरकली.

"शनिवारी मी येऊन बसू? काय बोलनार नाय. तुमी आदी शिकवायचात तसं शिकवा. ती हितं काय बघायची, ता मना बघायचंय."

शुक्रवारी सगुणाबाई गरम पाणी आणि भाजीची सुरी घेऊन शाळेत गेल्या. रामचंद्र बरोबर आले. कागद पावणेसहा वर्षांचा जुना, काचेला घट्ट बसला होता. रामचंद्र फडकं भिजवून द्यायचे, बाई खरवडायच्या. दुसरी काच मोकळी होईपर्यंत त्यांनी रामचंद्रांना स्वतःचं सगळं सांगितलं. जैबुनचं तेवढं ठेवलं. ते ऐकताना रामचंद्रांनी फडकं पिळायचं थांबवलं होतं.

"मला कॅन्टीनवाल्याची गोष्ट सांगू दिलीस," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी बाईंच्या हातातून सुरी घेतली आणि राहिलेला कोपरा स्वतः खरवडला.

शनिवारी जैबुन वेळेआधीच आली आणि खिडकीखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसली. अफरीनने आईकडे एकदा बघितलं आणि आपली वही काढली. बाईंनी वह्या ठेवून द्यायला सांगितल्या. हजेरी घेताना म्हणाल्या, की आज कुणी प्रेझेंट म्हणायचं नाही. येताना काय पाहिलं ते सांगायचं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पहिलं नाव आरवचं होतं. तो उभा राहिला आणि रडवेला झाला.

"टीचर, आय डिडन्ट सी एनीथिंग."

बाई थांबल्या. पूर्वी त्यांना थांबता यायचं. आज ते जड गेलं. दुसरं नाव, तिसरं नाव. कुणी 'बस' म्हणालं, कुणी 'सन' म्हणालं, आणि बरोबर आहे का म्हणून बाईंच्या तोंडाकडे बघितलं. अफरीनचं नाव आलं. ती उभी राहिली आणि तिने दाराकडे बघितलं.

"माझ्या अम्मानं आज दोन चपला वेगळ्या घातल्या," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जैबुनने दाराशी काढलेल्या चपलांत एक काळी होती आणि एक तपकिरी. पोरं हसू लागली. जैबुनने वाकून स्वतःच बघितलं, तिलाही हसू आलं आणि तिने पदर तोंडाशी नेला. मग आरवने पुन्हा हात वर केला. त्यालाही काहीतरी आठवलं होतं.

दहा वाजता बाईंनी फाटकाचं कुलूप काढलं. एका लांब दोरीला अठरा जणांनी धरलं. पुढे बाई, मागे जैबुन. वादीपासून वीस पावलांवर बाई थांबल्या आणि त्यांनी पायाने मातीत रेघ ओढली. या रेघेच्या पुढे आपण सगळे मिळून जायचं, एकट्याने कधीच नाही. मग त्यांनी काठावरचं एक बाभळीचं झाड दाखवलं. त्याच्या फांद्यांत, मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, वाळकं गवत आणि एक निळी पिशवी अडकली होती.

"हू पुट इट देअर?" आरवने विचारलं.

"पाण्याने," बाई म्हणाल्या. "इथे येतं तेव्हा तेवढं उंच येतं." मग त्यांनी डोंगराकडे हात केला. तिथे काळं दिसलं, की इथे ऊन असलं तरी घरी पळायचं. आवाज आला की उलट्या दिशेला. त्यांनी तीनदा पळून बघायला लावलं, आणि तिन्ही वेळा स्वतः पळाल्या. हे तेव्हा दाखवायला हवं होतं. पाणी गोल कसं करतं, त्याच्या आधी ते किती उंच येतं. पोरं दमून हसत होती. जैबुन झाडापाशी उभी राहून वर बघत होती. बाई तिच्याजवळ गेल्या नाहीत. थोड्या वेळाने ती आपणच आली आणि तिने दोरीचं मागचं टोक धरलं.

परतल्यावर डबे एका थाळ्यात उलटे झाले. कुणाचं काय कुणाकडे गेलं यावरून थोडं भांडण झालं. जैबुनने बोटभर पराठा आणि कुणाच्या तरी डब्यातला पुट्टू खाल्ला. मग ती पुन्हा खिडकीखाली बसली. मुलं दोन गोटे एकमेकांवर घासून निघालेली भुकटी कागदावर जमवत होती, आणि ती ते बघत होती.

घरी जायची वेळ झाली तेव्हा बाईंनी मान वळवली. जैबुनला झोप लागली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले. उघड्या खिडकीतून ऊन तिच्या खांद्यावर आलं होतं. क्रशर चालू होता, दरवाजे थडथडत होते, तरी ती हलली नाही.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. दार तिच्याच बाजूला होतं, जमीन पत्र्याची. अफरीनने सँडल काढले आणि हातात घेतले. तिचं बघून आरवने बूट काढले, मग सगळ्यांनीच. अठरा पोरं आपापली पायताणं छातीशी धरून, पावलं मोजून टाकत, झोपलेल्या बाईच्या पायांना वळसा घालून बाहेर पडली.

हनीफ जेवायच्या सुट्टीआधीच जरा लवकर सुटून मुलीला न्यायला आला होता. अंगावर ओव्हरऑल, पायांत खाणीतले जड बूट, भुवयांवर पांढरी धूळ. दारातून त्याने आत बघितलं आणि तिथेच थांबला. तो पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.